जुन्या कुशनची तक्रार

ती घटना आठवली की आजही परक्या गाडीत पुढच्या सीटवर बसण्याआधी माझा हात आपोआप कुशनवरून फिरतो. बायको हसते, म्हणते, "विंचू बघताय काय?" मी मनात म्हणतो, विंचू परवडला.

मी शिपाई म्हणून भरती झालो आणि फौजदार म्हणून निवृत्त झालो. नोकरीची शेवटची वर्षं बेळगाव-निपाणी पट्ट्यात गेली. या प्रकरणातल्या माणसांची आणि गावाची नावं मी सांगणार नाही. ती माणसं अजून तिथंच राहतात.

सीमाभागातल्या ठाण्याचं एक वैशिष्ट्य आधी सांगायला हवं. तक्रारदार मराठीत बोलतो, रायटर ते कन्नडमध्ये लिहितो आणि सही कुठल्याही भाषेत चालते. यात कुणाची काही तक्रार नसते, कारण दोन्ही भाषा सगळ्यांना येतात. पण बोललेलं कागदावर उतरताना रायटरला जे बिनकामाचं वाटतं ते गळून जातं. आमच्या हातून नेमकं तेच झालं.

निपाणीजवळच्या एका गावातला पंचेचाळिशीचा माणूस बेपत्ता झाला. स्वतःची पिकअप होती, स्वतःच चालवायचा. कंग्राळी, काकतीकडच्या शेतकऱ्यांचा कोबी, फ्लॉवर भरायचा आणि निपाणीवरून पुढे कोल्हापूरच्या बाजूला पोचवायचा. तेरा वर्षं एकच गाडी. तरुणपणी बैलगाडीखाली येऊन त्याची उजवी मांडी मोडली होती आणि हाड वाईट जुळलं होतं. म्हणून तो सगळा भार डाव्या अंगावर टाकून, खिडकीपासून आत कलून बसायचा. रस्त्यावरचे लोक लांबूनच ओळखायचे.

त्या दिवशी गाडीत त्याचा धाकटा भाऊ बरोबर होता. धाकट्यानं जबाबात सांगितलं, "अण्णानं मला घाटाच्या अलीकडं उतरवलं. बेळगावात काम हाय म्हणाला अन् गाडी वळवून परत गेला." तिसऱ्या दिवशी पिकअप बेळगावात बसस्टँडजवळ सापडली. मागचा कोबी सडायला लागला होता. काचा वर, दारं बंद, किल्ली पुढच्या चाकावर ठेवलेली. टोलनाक्याच्या कॅमेऱ्यात गाडी दुपार कलताना बेळगावकडे जाताना दिसत होती. टोपी पुढे ओढलेला एक माणूस चालवत होता. नंबर जुळला, म्हणून चालवणाराही तोच, अशी नोंद मी करायला सांगितली. फोन त्याच दुपारपासून बंद होता.

बसस्टँडजवळ गाडी सापडली की माणूस आपल्या पायांनी गेला असं आम्ही पोलीस धरून चालतो. मीही धरलं. गावात कुजबुज सुरू झाली की गोव्यात त्याचं कुणीतरी आहे. ती कुजबुज कुठून निघाली हे शोधण्याची तसदी मी घेतली नाही, कारण ती माझ्या सोयीची होती.

त्याची बायको दर सोमवारी ठाण्यात यायची. हातात कापडी पिशवी, पिशवीत नवऱ्याचा फोटो. सहाव्या की सातव्या सोमवारी ती म्हणाली, "सायेब, हे मेलेत का मला टाकून गेलेत, तेवढंच शोधून द्या. दोन्हीतलं कायबी असूदे. मी तसं ऱ्हायाला शिकते. पण ह्ये मधलं जगणं न्हाय सोसत."

गोव्याची गोष्ट तिच्याही कानावर गेली होती. तिच्या कपाळावरच्या कुंकवाकडे बघून बायका वाट वाकडी करायच्या आणि ती तरीही रोज लावायची. मी नेहमीचं उत्तर दिलं, तपास चालू आहे.

गाडी महिनाभर आमच्या ठाण्याच्या आवारात उभी होती. एका दुपारी पहाऱ्यावरचा शिपाई माझ्या खोलीत आला आणि जरा संकोचत म्हणाला, "साहेब, त्या पिकअपमधनं आवाज येतोय. कोण तरी श्वास सोडल्यागत." मी त्याची चांगलीच फिरकी घेतली. रात्रीची नव्हे, दुपारची भुतं कधीपासून निघायला लागली, असं विचारलं. मग उठून गेलो, कारण साहेब घाबरला असं कुणी म्हणायला नको.

ऊन रणरणत होतं. ड्रायव्हरचं दार उघडलं. त्या सीटचं कुशन मी तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिलं. रेक्झिन फाटलेलं, फोम तेरा वर्षांत दबून गेलेला, आणि त्यात एका माणसाचा ठसा. नुसता खड्डा नव्हता तो. दोन मांड्या वेगळ्या ओळखू येत होत्या. डावी खोल, उजवी उथळ. कुणीतरी आत्ताच उठून गेलंय आणि परत येणार आहे, असं वाटत होतं. मी बघत असतानाच फाटक्या रेक्झिनमधून 'हुस्स' असा हलका आवाज आला आणि खड्ड्याची कड जराशी वर आली.

कारण साधं होतं. उन्हानं फोममधली हवा तापते, फुगते आणि फटीतून बाहेर पडते. मी शिपायाला ते समजावलं. मग खात्री पटवायला त्याच्यादेखत सीटवर बसलो. बसलो मात्र, आणि माझं अंग आपोआप डावीकडे कललं. कुशन उन्हानं गरम होतं. एखाद्याच्या मांडीवर बसल्यासारखं वाटलं. मी चटकन उतरलो आणि उगाच टायर तपासत राहिलो. शिपायानं त्या दिवसापासून आपली खुर्ची आवाराच्या दुसऱ्या टोकाला नेली.

पुढे कोर्टाच्या आदेशानं सुपूर्दनामा करून गाडी घरच्यांच्या ताब्यात दिली. धाकटा ती चालवू लागला. घर चालायला हवं होतं, त्यात वावगं काही नव्हतं.

तीन-चार महिने गेले. एका सोमवारी ती बाई पुन्हा आली, पण या खेपेला तिची तक्रार वेगळी होती. म्हणाली, "भावजींनी गाडीचं कुशन बदललं. ड्रायव्हरच्या सीटचं. मी म्हटलं जुनं मला आणून द्या, तर म्हणत्यात दुकानातच ऱ्हायलं. कुठल्या दुकानात, तर सांगत न्हाईत. सायेब, ते कुशन कुठं गेलं तेवढं बघा."

रायटरनं मान खाली घालून हसू दाबलं. मीही हसलोच म्हणा. नवरा सापडत नाही आणि ही बाई फोम शोधायला सांगते. मी विचारलं, "आक्का, जुन्या फोमचं काय करायचंय?"

ती म्हणाली, "गाडी दारात लागली की मी हात लावून बघायची. ह्यांची बैठक हुती ती." मग जमिनीकडे बघत म्हणाली, "कुशन बदलून आल्ते त्या दिशी भावजी वाटंतच आंघोळ करून आल्ते. केसं वली हुती. घरात आले न्हाईत, आधी अंगणात हुबं ऱ्हायले अन् मला म्हणाले, वहिनी, पायावर पाणी घाला."

रायटरनं दोन ओळींत अर्ज लिहिला. गाडीचं जुनं कुशन परत मिळण्याबाबत. आंघोळीचं त्यात काही नव्हतं. तिनं सही केली आणि ती गेली.

दुपारी आम्ही डबे उघडून बसलो होतो. आमचे हवालदार चिकोडीकडच्या खेड्यातले, वयानं माझ्याएवढेच, कमी बोलणारे. भाकरी मोडता मोडता ते म्हणाले, "साहेब, ती बाई आंघोळीचं म्हणाली. ते लिहिलं काय?"

"कशाला लिहायचं?"

"आमच्याकडं माणूस ज्या अंथरुणावर जातो, ते अंथरूण घरात ठेवत न्हाईत. गाठोडं बांधून मसणवाटंच्या कडंला टाकून येत्यात. आल्यावर आंघोळ. पायावर पाणी घेतल्याबिगर उंबऱ्याच्या आत न्हाय." त्यांनी घास तसाच हातात धरला होता. "गाडीचं कुशन बदलून कोण आंघोळ करतंय साहेब?"

मी डबा बाजूला सारला. त्या कुशनवर मी बसलो होतो.

ती बाई फोम मागायला आलीच नव्हती. तिला जे कळून चुकलं होतं ते तिला स्वतःच्या तोंडानं म्हणायचं नव्हतं. ते आम्ही म्हणावं म्हणून ती आली होती, आणि आम्ही तिच्यावर हसलो होतो.

दुसऱ्या दिवशी निपाणीतली कुशनची सगळी दुकानं हवालदारांनी पालथी घातली. त्या पिकअपचं काम कुणीच केलं नव्हतं. मग आम्ही रस्त्यावर कागदपत्रं तपासायच्या निमित्तानं धाकट्याची गाडी थांबवली. मी त्याला आरसी, विमा वगैरे काढायला लावलं आणि हवालदारांनी सीटखाली डोकावून पाहिलं. नव्या रेक्झिनच्या आतल्या कडेला दुकानाची छोटी कापडी पट्टी शिवलेली होती. त्यावर पिरनवाडी असं लिहिलं होतं.

पिरनवाडी बेळगावच्या पलीकडे. निपाणीत हाकेच्या अंतरावर चार दुकानं असताना एक फोम बदलायला माणूस एवढ्या लांब जातो, याचा अर्थ ओळखीचं कुणी भेटू नये अशी त्याची इच्छा असते. एवढं समजायला फौजदार असावं लागत नाही.

पिरनवाडीचा मिस्त्री साठीचा, तोंडात सुतळीचा तुकडा धरून बोलणारा. दुकानाच्या मागच्या बाजूला जुन्या फोमचा डोंगर होता. त्याला गाडी लगेच आठवली.

"त्याला इसरणार कसा साहेब? माझ्याकडं येतंय त्यो जुना फोम इथंच टाकून जातंय. आम्ही ते फाडून उशा भरतो. मी म्हटलं ठेव रं इथं, तर माझ्या अंगावरच आला. म्हणाला, ह्याच्यावर कुणाचं डोकं ठेवायचं न्हाय. घरनं धोतर आणलेलं, त्यात बांधलं. बांधताना डोळं पुसत हुता. मला वाटलं, उन्हाचं पाणी येत असंल."

"कुठं घेऊन गेला?"

"ते न्हाय ठावं. पण फुडं ठेवलं न्हाय. मागं हौद्यात ठेवलं, झोपवल्यागत." मग तो जरा पुढे सरकला. "अजून एक सांगतो. पंधरा दिवसांनी परत आलता. म्हणाला, नवीन फोम पण तसाच बसला, डावीकडं. तोंड पांढरं पडलेलं. मी म्हटलं उद्या निवांत बघू, तर थांबलाच न्हाय."

"खराब फोम घातला होतास?"

"न्हाय हो. मीच काम करताना बघितलंय, खालची जाळी वाकलीया. इतकी वर्सं एकाच अंगाला वजन. फोम कितीबी बदला, जाळी सरळ केल्याबिगर बैठक तीच येणार. त्याला सांगायच्या आधीच पळाला."

म्हणजे धाकटा पंधरा दिवस रोज नव्या कुशनवर बसत होता आणि रोज थोडा थोडा भावाच्या जागेत उतरत होता.

कुशन शोधायला फार हिंडावं लागलं नाही. हवालदार म्हणाले, आपल्या माणसाचं अंथरूण कुणी दुसऱ्या गावच्या मसणात टाकत नाही. त्या भावांच्या गावच्या स्मशानाच्या मागे ओढ्याच्या काठाला निवडुंगाची रांग होती. तिथं गावातल्या मयतांची जुनी अंथरुणं, वाकळा, उशा पडल्या होत्या. पावसानं सुती सगळं कुजून मातीत गेलं होतं. एकच गाठोडं अलीकडचं, शाबूत होतं. फोम कुजत नाही. पंचांसमोर धोतराची गाठ सोडली आणि तो ठसा उलगडला. डावी मांडी खोल, उजवी उथळ. पंचांपैकी एक म्हातारा मागे सरला आणि त्यानं नकळत हात जोडले.

धाकट्यानं ते मिस्त्रीकडे टाकून दिलं असतं तर त्याच्या उशा झाल्या असत्या आणि आमच्या हाती काहीच लागलं नसतं. भावाच्या शेवटच्या बैठकीवर परक्यानं डोकं ठेवू नये, एवढी माया त्याच्यात उरली होती. त्याच मायेनं तो सापडला.

धाकट्याला दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला ठाण्यात बोलावलं, गाडी घेऊन. तासभर मी जुनेच प्रश्न विचारले. त्यानं जुनीच उत्तरं दिली, न चुकता, त्याच क्रमानं. खरं बोलणारा माणूस दर वेळी थोडं वेगळं सांगतो. पाठ केलेलंच तंतोतंत तसंच येतं.

मग त्याला आवारात नेलं. ड्रायव्हरच्या सीटवर हात ठेवून मी म्हटलं, "कुशन नवीन ना?"

"व्हय."

"मग डावीकडे का बसलंय? तू तर सरळ बसतोस."

तो सीटपासून एक पाऊल मागे सरला. खालच्या जाळीबद्दल मला माहीत होतं. मी त्याला ते सांगितलं नाही. हे बरोबर केलं की चूक, यावर मी नंतर पुष्कळ विचार केला. तेव्हा मात्र केला नाही.

खोलीत परत आलो तोवर हवालदारांनी ठरल्याप्रमाणे जुनं कुशन माझ्या टेबलासमोरच्या खुर्चीवर ठेवलं होतं. शेजारी दुसरी खुर्ची रिकामी. मी म्हटलं, "बैस."

त्यानं दारातच चपला काढल्या. ठाण्यात कुणी चपला काढत नाही. तो भिंतीला टेकून उभा राहिला. त्याची नजर त्या खुर्चीवर होती आणि खुर्चीच्याही जरा वर, जिथं बसलेल्या माणसाचा चेहरा असतो तिथं.

"बैस म्हटलं ना."

"अण्णांच्या म्होरं मी कवा बसलो न्हाय साहेब," तो म्हणाला.

खोलीत तिघं होतो. रायटरनं पेन खाली ठेवलं. पुढचं सगळं धाकट्यानं उभ्यानंच सांगितलं, आणि आमच्याकडे न बघता.

गाडीत कोबीच्या पोत्यांखाली त्यानं गोव्याच्या दारूची खोकी लपवली होती. भावाला त्याचा पत्ता नव्हता. घाटाच्या अलीकडे भावाच्या छातीत कळ आली. घामानं शर्ट भिजला. त्यानं गाडी कच्च्या रस्त्याला घेतली, एका बंद पडलेल्या तंबाखूच्या वखारीजवळ थांबवली आणि म्हणाला, "मला दवाखान्यात घाल रं." धाकट्याला गाडी चालवता येत होती. पण गावात शिरायच्या तोंडाला तपासणी नाका होता. दवाखान्यात गाडी गेली तर पोलीस येणार, पोती हलणार. तो म्हणाला, "धा मिन्टं थांबा अण्णा." आणि त्यानं खोकी वखारीत नेऊन ठेवायला सुरुवात केली. भर दुपारी, एकेक खोकं खांद्यावर घेऊन.

"किती खेपा?"

"अठरा."

दर खेपेला परत येताना तो काचेतून बघायचा. भाऊ डावीकडे कलून बसलेला आणि त्याच्याकडे बघत असलेला. पहिल्यांदा भावानं विचारलं, काय रं ते. मग नुसतंच म्हणायचा, झालं काय. बाराव्या खेपेनंतर तो बोलला नाही. शेवटचं खोकं ठेवून धाकटा आला, दार उघडलं आणि म्हणाला, "चला अण्णा, झालं." भाऊ बघतच होता. आपण बराच वेळ त्यांच्याशी बोलत होतो, असं धाकटा म्हणाला. मग त्याच्या लक्षात आलं.

मी विचारलं, मग घरी का नाही नेलंस. भाऊ वारला म्हणून रडला असतास तर कुणी काही म्हटलं नसतं.

"डॉक्टरनं इचारलं असतं, कवा दुखाय लागलं. मग मदल्या टायमात काय करत हुतास म्हणून इचारलं असतं. काय सांगू?"

भावाला त्यानं वखारीच्या आतल्या खोलीत, तंबाखूच्या चुऱ्याच्या ढिगाखाली जमीन उकरून पुरलं. मग टोपी घालून त्याच सीटवर बसून गाडी बेळगावला नेली आणि तिथून एसटीनं परत आला. गोव्याची आवई पण त्यानंच उठवली होती. सगळ्यात शेवटी, मी न विचारता, तो म्हणाला, "साहेब, बेळगाव येईपतोर ती सीट गार झाली न्हाय."

पोलिसांसमोरची कबुली कोर्टात टिकत नाही, त्या कबुलीमुळे जे सापडतं तेवढं टिकतं. त्याच दुपारी तहसीलदारांच्या समक्ष वखारीची जमीन उकरली. तंबाखूच्या वासानं डोळे झोंबत होते. त्या वासामुळेच तिथं इतके महिने कुत्रंसुद्धा फिरकलं नव्हतं. मांडीचं वाईट जुळलेलं हाड पाहिल्यावर ओळख पटवायला आणखी काही लागलं नसतं, तरी नमुने तपासणीला पाठवले. पुढे धाकट्यानं मॅजिस्ट्रेटसमोर स्वेच्छेनं सगळा जबाब दिला.

त्या बाईला सांगायला मी स्वतः गेलो. बरोबर महिला शिपाई होती. बाई जोत्यावर बसली होती. मी सांगितलं, सापडले. कुठं, ते सांगितलं. छातीत कळ आली, भावानं भीतीनं लपवलं, असं सांगितलं. तिनं पदर तोंडाशी नेला. मग म्हणाली, "म्हंजे मला टाकून न्हाईत गेले."

"नाही आक्का."

तिची पाठ ताठ झाली. शेजारच्या दारांत बायका उभ्या होत्या, त्यांच्याकडे तिनं एकदा सरळ बघितलं. मग माझ्याकडे वळून हळू आवाजात विचारलं, "लई वेळ लागला काय जायाला?"

मी म्हटलं, "नाही. लगेच गेले. झोप लागल्यासारखे."

तिनं मान हलवली आणि मग ती रडली. मला वाटलं मी चांगलं काम केलं. कॅमेऱ्याचं ते चित्र मी तिला पहिल्याच आठवड्यात दाखवलं असतं तर हे आपले नव्हेत, हे सरळ बसलेत, असं तिनं एका नजरेत सांगितलं असतं. ती चूक माझ्या डोक्यात होती, आणि तिची भरपाई म्हणून मी हे एक मऊ खोटं तिला दिलं.

खटला उभा राहिला तोवर मी निवृत्त झालो होतो. साक्षीला गेलो. कारकुनानं धाकट्याचा जबाब वाचून दाखवला, कन्नडमध्ये. निपाणी पट्ट्यातल्या माणसाला कन्नड कळतं. ती मागच्या बाकावर होती. अठरा खेपा. झालं काय. बाराव्या खेपेनंतर. सगळं वाचून झालं. वेळेवर उपचार मिळाले असते तर तो वाचला असता का, यावर वकिलांचा वाद झाला आणि पुढची तारीख पडली.

बाहेर पडलो तर ती पायऱ्यांजवळ माझी वाट बघत उभी होती.

"सायेब, तुमाला हे ठावं हुतं?"

"होय."

"तवाच?"

"तेव्हाच."

ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "हे झोपंत गेले म्हणून मी रडले. दिवस घातले ते बी तसंच समजून. तेराव्याला मी देवाला म्हटलं, बरं केलंस, हाल केलं न्हाईस. आता मला परत पहिल्यापासनं रडायला पायजे की."

आख्ख्या नोकरीत मी लोकांकडून खरं काढून घेण्याचा पगार घेतला. कुणाला खरं किती द्यायचं हे मात्र मी माझ्या मनानं ठरवत आलो, आणि त्याला माणुसकी म्हणत आलो. धाकट्यानं तिच्यापासून एक गोष्ट लपवली, मी दुसरी लपवली. त्याला भीती होती. मला तर तीही नव्हती. या प्रकरणानं मला काय शिकवलं असं कुणी विचारलं तर एवढंच सांगेन, की दुसऱ्याला काय सोसेल हे ठरवण्याचा अधिकार कुठल्याच कलमात दिलेला नाही.

"बसा," ती म्हणाली. "पहिल्या खेपेपासनं सांगा. कायबी गाळू नका."

मी कोर्टाच्या पायरीवर बसलो आणि सांगत गेलो. वकील, पक्षकार आमच्या बाजूनं चढत उतरत होते. तिनं मला एकदाच थांबवलं.

"बारा खेपंपतोर बोलत हुते न्हवं?"

"होय."

"काय म्हणत हुते?"

"झालं काय, असं."

ती ते शब्द स्वतःशी एकदा पुटपुटली. मग पदर सारखा करून माझ्या शेजारी, एक पायरी सोडून, बसली. म्हणाली, "सांगा. तेरावी."